अनुभव धागा: ग्रँड पोर्टेजचा मेढेकोट आणि ऑगस्टचा मेळा

मिनेसोटाच्या ईशान्य टोकाला, लेक सुपीरियरच्या काठी, ग्रँड पोर्टेज गावी ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी रॉन्देव्हूचा मेळा भरतो. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या कातडी-व्यापाराच्या वेषात माणसं तंबू ठोकून राहतात, चुलीवर रांधतात, फिडल वाजवतात. आपल्यातले बरेच जण जाऊन आल्याचं कळलं, म्हणून हा धागा. प्रत्येकाने आपलं लिहा, मोठं-लहान कसंही. सुरुवात मी करते.

किल्ला म्हटल्यावर आमच्या चिरंजीवांच्या डोळ्यांपुढे राजगड होता. इथं तट म्हणजे सीडरच्या टोकदार खांबांची ओळ. आपल्या बखरींतला मेढेकोट तो हाच. आत मोठं दालन, स्वयंपाकघर, होड्यांची कोठी. लढाईपेक्षा मालासाठी बांधलेली ही जागा, म्हणजे खरं तर वखार. कातडी-व्यापार करणाऱ्या नॉर्थ वेस्ट कंपनीचा कारभार १८०३ पर्यंत इथून चाले. तिची प्रतिस्पर्धी हडसन्स बे कंपनी. तिला १६७० मध्ये सनद देणारा इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, आणि मुंबई १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली करणाराही तोच. हे कळल्यावर मी त्या अंगणात जरा वेळ बसूनच राहिले. शाळेत सुरत-राजापूरच्या वखारी शिकलो, त्यांची चुलत भावंडं इतक्या लांब आहेत हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मुलाने तिथलं कातड्यांचं गाठोडं उचलून पाहिलं. ९० पौंड, म्हणजे ४१ किलो. आपला हमाल डोक्यावर चुंबळ ठेवतो. इथं चामड्याचा पट्टा कपाळाला लावून ओझं पाठीवर. आणि एका वेळी अशी दोन. मुलाला एकही हललं नाही. तो रात्रभर त्याबद्दलच बोलत होता.

डुलुथहून

ताई, त्या गाठोड्याची पुढची गोष्ट मी सांगतो. पिजन नदीवर मोठे धबधबे आहेत, होडी वर जाऊच शकत नाही. म्हणून तळ्यापासून धबधब्यांच्या वर असलेल्या फोर्ट शार्लट या ठाण्यापर्यंत साडेआठ मैल, जवळपास पावणेचौदा किलोमीटर, सगळा माल पाठीवरून. मोंट्रियलहून आलेल्या प्रत्येक गड्याच्या वाट्याला आठ गाठोडी. दोन-दोन करून चार फेऱ्या. मी रविवारी पहाटे पाठीवर फक्त पाणी आणि दशम्या घेऊन ती वाट चाललो. बीव्हर नावाच्या कुरतडणाऱ्या प्राण्याने बांध घालून काही ठिकाणी तळी केली आहेत, चिखल भरपूर, डास त्याहून भरपूर. पलीकडे पोचल्यावर फोर्ट शार्लटचं काहीही उभं नाही, झाडी आणि नदी. मला तेच फार भिडलं. वाट मात्र अजून आहे, आणि ती कंपनीच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ रहिवासी ओजिब्वे आणि त्यांच्याही पूर्वीच्या लोकांच्या पायांखालची आहे. त्यांच्या भाषेत गावाचं नावच गिची ओनिगामिंग, म्हणजे ओझं वाहून न्यायची मोठी जागा.

सेंट पॉलहून

आई साताऱ्याहून आली होती, वय बहात्तर. मला धाकधूक होती की तिला यात काय रस वाटणार. तिथं एक ओजिब्वे आजी मनूमिन दाखवत बसल्या होत्या. आपण ज्याला वाइल्ड राइस म्हणतो ते. तांदळाचा तो लांबचा नातेवाईक, पाण्यात आपोआप वाढणारं गवत. होडीत दोघं बसतात: एक जण बांबूने लोटतात तशी लांब काठीने होडी पुढे ढकलतो, दुसरा दोन हलक्या काठ्यांनी ओंब्या होडीवर वाकवून दाणे झाडतो. काही दाणे पाण्यात पडायलाच हवेत, पुढच्या वर्षीचं बी तेच. मग भाजणं, तुडवणं, पाखडणं.

आईने मला विचारलं, "नांगर नाही? बैल नाही?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग हे ऋषिपंचमीला चालतं." बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, हे मी त्या आजींना इंग्रजीत कसंबसं सांगितलं. त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि सांगितलं की त्यांची कापणीही साधारण त्याच सुमारास सुरू होते. पुढे अर्धा तास दोघी पाखडण्याबद्दल बोलत होत्या. पाखडायचं पसरट भांडं बर्चच्या सालीचं, पण मनगटाचा झटका अगदी आमच्या सुपाचा. आईने तो करून दाखवला. माझ्याकडे फोटो नाही, आणि मला नकोही आहे.

त्या वर्षी ऋषीच्या भाजीबरोबर आमच्याकडे मनूमिनचा भात होता.

थंडर बेहून (विद्यार्थी)

सीमेच्या या, म्हणजे कॅनडाच्या, बाजूची माहिती देतो. ग्रँड पोर्टेज अमेरिकेच्या हद्दीत ठरल्यावर कंपनीने १८०३ मध्ये ठाणं कॅमिनिस्टिक्विया नदीवर हलवलं, तेच फोर्ट विल्यम. मूळ जागेवर नंतर रेल्वेचं यार्ड झालं, म्हणून आजचा किल्ला नदीच्या वरच्या अंगाला नव्याने बांधला आणि तो १९७३ मध्ये खुला झाला. मी तिथं होड्यांच्या कारखान्यात रमलो. बर्चची साल, स्प्रूसच्या मुळांची शिवण, सांध्यांना राळ आणि चरबी. खिळा एकही नाही. मोंट्रियलची होडी ३६ फुटांची, उत्तरेकडे जाणारी २५ फुटांची.

मेळा का भरे, हेही तिथंच नीट समजलं. मोंट्रियलहून निघून पार वायव्येच्या अथाबास्का प्रदेशापर्यंत जाऊन बर्फ पडायच्या आत परतणं शक्यच नव्हतं. म्हणून दोन्हीकडचे लोक मध्यावर भेटत, माल-कातडी बदलून परत फिरत. बीव्हरची आतली मऊ लव घट्ट बसते, तिचा नमदा, नमद्याच्या युरोपात टोप्या. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप, आणि कित्येक नद्यांतले बीव्हर संपले.

रॉचेस्टरहून

एक कळकळीचं सांगणं. मेढेकोट बघून परत फिरू नका. त्याच दिवसांत शेजारी ग्रँड पोर्टेजच्या ओजिब्वे लोकांचा पाववाव, म्हणजे ढोल-नाचगाण्यांचा मेळावा, असतो. ही जमीन त्यांनीच राष्ट्रीय स्मारकासाठी दिली, आणि आज तिथल्या कामकाजातही त्यांचा वाटा आहे. ढोल सुरू झाला, मानकरी आत येऊ लागले की उभं राहायचं, टोपी काढायची, फोटो नको म्हटलं की नको. माझ्या मुलीने तिथल्या रेंजरबाईंना विचारलं, "इथले लोक आता कुठं गेले?" त्या हसून म्हणाल्या, "मी इथलीच." कातडी कमावणं, साली शिवणं, बर्फावर चालायचे जोडे विणणं हे सगळं त्यांच्या पणज्या-खापरपणज्या करत होत्या. बायकांचं हे काम नसतं तर कंपनीचा एक हिवाळाही निभला नसता. मुलगी परतीच्या वाटेवर गप्प होती.

इगनहून

थोडक्यात: ऑगस्ट असला तरी तळ्यावरचा वारा बोचतो, स्वेटर घ्या. राहायची सोय फार आधी करा. आमचं बुकिंग ऐनवेळी रद्द झालं आणि रात्र गाडीत गेली. प्रवेश मोफत.

पुन्हा सेंट पॉलहून

यंदा तंबूतच राहायचा विचार आहे. पण छावणीत जुन्या धाटणीचेच कपडे लागतात. त्या काळी इथं येणाऱ्या मालात कॅलिको हे सुती कापड असे, ज्याचं नाव आपल्या कालिकतवरून आलं. आई म्हणते सदरे ती शिवून पाठवेल, सुती, हातमागाचे, हातशिलाईचे. डुलुथच्या दादांना विचारायचं होतं, तुमची छातीची मापं कळवाल का? ती पाच सदऱ्यांचं कापड आणून बसली आहे, आणि आम्ही तिघंच आहोत.