अमेरिकी राष्ट्राध्यक्ष त्यांच्या पत्रांतून समजून घ्यायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला इतिहास शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये ‘अब्राहम लिंकनचं हेडमास्तरांना पत्र’ फ्रेम करून लावलेलं आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या शाळेत असेल. गेल्या महिन्यात नववीतली एक मुलगी वह्या ठेवायला आली, फ्रेमसमोर वाचत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पत्र आहे तर ह्यावर तारीख का नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्री शोधायला बसले. लिंकनचं सगळं लेखन रॉय बासलर यांनी संपादित केलंय, १९५३ साली आठ खंडांत आलं, आणि मिशिगन विद्यापीठाने ते फुकट ऑनलाइन ठेवलंय. त्यात हे पत्र नाही. वीस वर्षं मी ते मुलांना वाचून दाखवत होते. फार लागलं मनाला.

पण त्याच शोधात एक खरं पत्र हाती आलं. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड गावच्या ग्रेस बेडेल या अकरा वर्षांच्या मुलीने १५ ऑक्टोबर १८६० ला, निवडणूक तोंडावर असताना, लिंकनला लिहिलं की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी वाढवा, छान दिसाल. मला चार भाऊ आहेत, त्यातले काही तुम्हाला मत देणारच आहेत, दाढी ठेवलीत तर उरलेल्यांनाही वळवते. तुम्हाला माझ्याएवढ्या मुली आहेत का, असंही विचारलं. चारच दिवसांनी लिंकनचं उत्तर गेलं. मुली नाहीत याचं वाईट वाटतं, तीन मुलगे आहेत, एक सतरा, एक नऊ, एक सात वर्षांचा. दाढी मी कधी ठेवली नाही, आता ठेवली तर लोक त्याला थेर म्हणणार नाहीत का? पुढे दाढी वाढवली ती वाढवलीच.

हे वर्गात वाचलं तेव्हा मधली सुट्टी झाली तरी कुणी उठेना.

तर आता मला अशीच खरी पत्रं वाचायची आहेत. चरित्रं नकोत, ती पुष्कळ झाली. फुकट किंवा स्वस्तात मिळणारं सुचवा. इंग्रजी बरं आहे, पण दोनशे वर्षांपूर्वीचं झेपेल का याची धास्ती आहे. एक वर्ष हाताशी आहे.

दप्तरी

रानजाई, पहिल्या आठ दिवसांत एकच जागा ओळखीची करून घ्या, ‘फाउंडर्स ऑनलाइन’. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेबरोबर २०१३ साली ती सुरू केली. वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स, जेफर्सन, मॅडिसन हे चार राष्ट्राध्यक्ष, शिवाय फ्रँकलिन आणि हॅमिल्टन. पावणेदोन लाखांहून जास्त कागद, खाली संपादकांच्या टिपा, सगळं मोफत. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे आलेली पत्रंही आहेत, नुसती गेलेली नाहीत. मी इकडे मोडी कागदांत काम करतो. एका बाजूचीच पत्रं उरलेली असली की काय तारांबळ होते ते रोज बघतो. तिथे सवाल आणि जबाब दोन्ही समोर येतात.

जेफर्सन तर दप्तराच्या बाबतीत आपल्या चिटणीसांना शोभला असता. १७८३ पासून १८२६ पर्यंत, मरेपर्यंत, त्याने आवक-जावक नोंदवही ठेवली. पुढे पुढे दोन लेखण्या एकमेकींना जोडलेलं एक यंत्र वापरायचा. एका लेखणीने पत्र लिहायचं, दुसरी शेजारच्या कागदावर आपोआप नक्कल उतरवायची. त्याची स्वतःची पत्रं सुमारे एकोणीस हजार आहेत, त्यामुळे सगळं वाचायच्या फंदात पडू नका.

त्याऐवजी एक धागा धरा, जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफर्सन, १८१२ ते १८२६. दुसरा आणि तिसरा राष्ट्राध्यक्ष. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर एकत्र काम केलेले मित्र, पण १८०० च्या निवडणुकीने दुरावले, इतके की जेफर्सनच्या शपथविधीला अ‍ॅडम्स थांबलाच नाही. पुढे बेंजामिन रश या दोघांच्या मित्राने खटपट केली, तेव्हा १ जानेवारी १८१२ ला अ‍ॅडम्सने पहिलं पत्र टाकलं. सोबत घरच्या विणीचे दोन नग पाठवतोय, असं लिहिलं. जेफर्सनला वाटलं खरंच कापड येतंय. पार्सल मागे राहिलं होतं, म्हणून त्याने उत्तरात व्हर्जिनियात घरोघरी सूत कसं निघतं, माग कसे चालतात याचीच हकिकत लिहिली. मग पार्सल आलं. आत अ‍ॅडम्सच्या मुलाच्या व्याख्यानांचे दोन खंड!

तिथून पुढे चौदा वर्षं. एकूण १५८ पत्रं, त्यात अ‍ॅडम्सची १०९. जेफर्सन एक लिहीपर्यंत अ‍ॅडम्सची दोन पोचलेली असत. १८१३ साली अ‍ॅडम्सने लिहिलं की एकमेकांना आपली बाजू समजावून सांगितल्याशिवाय आपण दोघांनी मरता कामा नये. दोघंही गेले एकाच दिवशी, ४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. हा पत्रव्यवहार पुस्तकात हवा असेल तर लेस्टर कॅपन यांनी संपादित केलेला १९५९ चा संग्रह आहे. जुना मिळाला तर घेऊन ठेवा.

मेपलखालची

दप्तरी यांना अनुमोदन, पण त्याच्या बायकोला, म्हणजे अ‍ॅबिगेलला वगळून अ‍ॅडम्स वाचणं मला पटत नाही. मी बॉस्टनजवळ राहते. अ‍ॅडम्सचं घर क्विन्सीला आहे, राष्ट्रीय उद्यान खात्याकडे, आणि पत्रं मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे. नवराबायकोची अकराशेहून जास्त पत्रं त्यांच्या संकेतस्थळावर आहेत, हस्ताक्षराचं छायाचित्र आणि शेजारी छापील मजकूर. अ‍ॅबिगेल कधीच शाळेत गेली नव्हती, स्पेलिंगं कानाला ऐकू येतील तशी लिहायची. मोठ्याने वाचलं की लगेच कळतं. धास्ती सोडा.

३१ मार्च १७७६ चं पत्र घ्या. ब्रिटिश सैन्य बॉस्टन सोडून जाऊन दोन आठवडे झालेत, गावात देवीची साथ, आणि ही नवऱ्याला बजावते की नवे कायदे कराल त्यात बायकांना विसरू नका. हा भाग सगळीकडे छापला जातो. जॉनचं १४ एप्रिलचं उत्तर मात्र फार कमी लोक वाचतात. त्याने ते हसण्यावारी नेलंय. तुम्ही वर्गात दोन्ही एकत्रच वाचा, मुलींना बोलायला खूप सापडेल.

आणि १८०४ मधला एक छोटा व्यवहार. जेफर्सनची मुलगी पॉली वारली. ती लहान असताना लंडनमध्ये काही दिवस अ‍ॅबिगेलकडे राहिली होती. भांडण तसंच होतं, तरी अ‍ॅबिगेलने २० मेला सांत्वनाचं पत्र लिहिलं. जेफर्सनने त्या संधीत राजकारणाचा हिशेब काढला, हिने तोडीस तोड उत्तरं दिली, आणि ऑक्टोबरमध्ये पत्रं थांबली. जॉनला ह्यातलं काही ठाऊकच नव्हतं. नोव्हेंबरमध्ये तिने स्वतःच त्याला सगळं वाचायला दिलं. त्याने तिच्या नकलेखाली नोंद केली: हा व्यवहार माझ्या नकळत झाला, आता वाचला, आत्ता यावर मला काही म्हणायचं नाही. एवढंच. त्या तीन ओळींतला जॉन अ‍ॅडम्स मला कुठल्या चरित्रात भेटला नाही.

वॉशिंग्टनच्या घरचं असं काही मिळणार नाही. मार्थाने नवऱ्याबरोबरचा जवळजवळ सगळा पत्रव्यवहार जाळून टाकला.

कंदील

मी थोडं वेगळं सांगतो. ताई, तुमची सुरुवात लिंकनपासून झालीय, तर तिथेच थांबा. अठराव्या शतकाची भाषा नंतर. लिंकन आखूड वाक्यं लिहितो, आणि ज्याला लिहितोय त्याच्या डोळ्यांत बघून लिहितो.

जनरल हूकरला २६ जानेवारी १८६३ चं पत्र आधी. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. हूकर म्हणत फिरत होता की देशाला हुकूमशहा हवा. लिंकन त्याला सेनापती नेमतो आणि लिहितो की हे माझ्या कानावर आलंय, त्यामुळे नव्हे तर ते असूनही तुम्हाला नेमलंय; हुकूमशहा व्हायला आधी लढाई जिंकावी लागते, तुम्ही यश आणा, हुकूमशाहीचा धोका मी पत्करतो. हाताखालच्या माणसाला इतकं स्पष्ट आणि तरीही न दुखावता लिहिलेलं मी दुसरं वाचलं नाही.

मग त्याच वर्षी १४ जुलैचं, जनरल मीडला. मीडने गेटिसबर्गची लढाई जिंकली, पण शत्रूचा सेनापती ली याचं सैन्य पोटोमॅक नदी ओलांडून निसटलं. लिंकनने सगळी तळमळ कागदावर उतरवली, आणि पाकिटावर लिहिलं की हे ना पाठवलं, ना सही केली.

तिसरं फॅनी मॅककलोला, २३ डिसेंबर १८६२. तिचे वडील लिंकनचे जुने मित्र, लढाईत मारले गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत लिंकनचा स्वतःचा मुलगा विली गेला होता. तो तिला धीर धर म्हणत नाही. आत्ता तुला खरं वाटणार नाही, पण तुला पुन्हा बरं वाटेल, हे मी अनुभवाने सांगतो, असं लिहितो. माझे वडील गेले तेव्हा हे पत्र मी कित्येकदा वाचलं.

मिसेस बिक्सबीचं प्रसिद्ध पत्र मात्र जपून. पाच मुलगे गमावलेल्या आईला लिहिलंय, पण प्रत्यक्षात युद्धात मेले दोघे. शिवाय ते लिंकनने लिहिलं की त्याच्या ‘जॉन हे’ नावाच्या सचिवाने, हा वाद अजून मिटलेला नाही. हेडमास्तरांच्या पत्रानंतर तुम्हाला पुन्हा तोच धक्का नको.

रानजाई

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! हूकर आणि फॅनी आज वाचली. फॅनीचं वाचून थोडा वेळ काही करता आलं नाही.

एक विचारू का? नववीच्या मुलांना भारताशी जोडता येईल असं काही आहे का?

सेवाग्रामचा रस्ता

आहे, आणि तेही महाराष्ट्रातून गेलेलं. १ जुलै १९४२, सेवाग्राम, व्हाया वर्धा. गांधीजींचं फ्रँकलिन रूझवेल्टला पत्र. अमेरिकी पत्रकार लुई फिशर जूनमध्ये आश्रमात आठवडाभर राहून गेला होता, त्याच्या हाती पोचवलं. सुरुवात साधी: तुमच्या देशात यायचं दोनदा हुकलं. थोरो आणि इमर्सनचं ऋण मान्य केलंय. मग सरळ मुद्दा, की हिंदुस्थान आणि आफ्रिका इंग्लंडच्या ताब्यात पिळले जात असताना, आणि अमेरिकेच्या स्वतःच्या घरात काळ्यांचा प्रश्न असताना, दोस्त राष्ट्रं स्वातंत्र्यासाठी लढतायत ही भाषा पोकळ वाटते.

रूझवेल्टच्या उत्तरावर तारीख १ ऑगस्ट. गोड शब्दांचं, आखूड, हाताला काही न लागू देणारं. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींना मुंबईत अटक झाली आणि पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. तारखा फळ्यावर एकाखाली एक लिहा, मुलांना आपोआप कळेल. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं इतिहास कार्यालय जुने राजनैतिक कागद ऑनलाइन देतं, तिथे शोधा. चीन युद्धात १९ नोव्हेंबर १९६२ ला नेहरूंनी केनेडींना एकाच दिवशी दोन पत्रं पाठवली, तीही आता खुली आहेत. पण ती दहावीनंतर.

दप्तरी

सेवाग्राम यांनी छान आठवण दिली. रूझवेल्टच्या उत्तरावरून जेफर्सनची एक गोष्ट सांगायची राहिली होती.

बेंजामिन बॅनेकर हा स्वतंत्र कृष्णवर्णीय गणिती. त्याने १९ ऑगस्ट १७९१ ला स्वतः तयार केलेलं पंचांग जेफर्सनला पाठवलं आणि विचारलं की सगळी माणसं समान असं लिहिणारे तुम्ही, माझ्या बांधवांना गुलामीत कसे ठेवता? जेफर्सनने अकरा दिवसांत अतिशय सौजन्याने उत्तर दिलं, पंचांग पॅरिसला कॉन्दोर्से या फ्रेंच विद्वानाकडे पाठवलंय म्हणून कळवलं. ते एकच पत्र वाचलं तर माणूस मोठा वाटतो. मग ८ ऑक्टोबर १८०९ चं, जोएल बार्लो या मित्राला लिहिलेलं वाचा. तोवर बॅनेकर वारला होता. तिथे जेफर्सन त्याची बुद्धी अगदी सामान्य होती असं म्हणतो, आणि गणितात दुसऱ्या कुणाची मदत असेल अशी शंकाही घेतो. मी हे दोन कागद शेजारी ठेवून बघितले त्या दिवसापासून कुठलंही पत्र उघडताना आधी ते कुणाला लिहिलंय हे बघतो.

मेपलखालची

लहान मुलांसाठी आणखी एक. नोव्हेंबर १९४० मध्ये क्युबातल्या एका शाळकरी मुलाने मोडक्या इंग्रजीत रूझवेल्टला लिहिलं, मी दहा डॉलरची हिरवी नोट कधी पाहिली नाही, एक पाठवा. सही: फिडेल कॅस्ट्रो. राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

ट्रूमनने बायकोला, बेसला, लिहिलेली तेराशेहून जास्त पत्रं आहेत. शेतकरी, सैनिक, दुकान बुडालेला दुकानदार, राष्ट्राध्यक्ष, सगळं एकाच हस्ताक्षरात. उन्हाळ्याच्या सुट्टीत घ्या.

रानजाई

ठरलं. जूनपर्यंत लिंकन, रोज एक. मग अ‍ॅडम्स आणि अ‍ॅबिगेल, जेफर्सनच्या बाजूसकट. ट्रूमन दिवाळीनंतर.

काल गांधीजी-रूझवेल्ट वर्गात घेतलं. तारखा एकाखाली एक लिहिल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, उत्तर पोचलं तेव्हा ते घरी नसतील." मी काहीच बोलले नव्हते.

आणि ती फ्रेम काढली नाही. मुख्याध्यापकांशी बोलले, त्यांनी होकार दिला. लिंकनचं नाव पांढऱ्या पट्टीने झाकलंय, त्यावर ‘लेखक अज्ञात’ असं त्या मुलीनेच लिहिलं. शेजारी ग्रेसचं पत्र आणि लिंकनचं उत्तर लावलंय, दोन्हींवर तारखा आहेत. आता मराठीत उतरवायचं काम आठ मुलींनी वाटून घेतलंय. ग्रेसच्या पत्रातल्या ‘व्हिस्कर्स’ला दाढी म्हणायचं की कल्ले, यावर अडलंय. कुणी सांगेल का?