मदत हवी आहे: सोसायटीच्या गणपतीत नारदीय कीर्तन ठेवायचंय

नमस्कार मंडळी. यंदा आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राला फाटा देऊन एक संध्याकाळ व्याख्यान, एक मुलांच्या नाटुकल्यांची आणि एक नारदीय कीर्तनाची, असं ठरलंय. (फर्माईश ज्येष्ठांची, धावपळ अर्थातच आमची!)

व्याख्यान, नाटुकल्या जमतील. अडलंय ते कीर्तनापाशी. पूर्वरंगात अभंग आणि निरूपण, मध्यंतरात बुवांना हार-बुक्का, मग उत्तररंगात आख्यान, एवढं ठाऊक आहे. पण रात्री १० ला स्पीकर बंद करावाच लागतो आणि आरती आटपायलाच आमच्याकडे ८ वाजतात. दीड तासात दोन्ही रंग नीट होतात का? की बुवांना आधीच छोटं आख्यान घ्यायला सांगावं? असं सांगणं त्यांना खटकत तर नाही ना?

पेटी-तबल्याचे साथीदार बुवाच आणतात की आपण बघायचे? मानधन पाकिटात एकत्र द्यायचं की साथीदारांचं वेगळं? मागे एका कार्यक्रमात नेमका यावरूनच अवघडलेपणा झाला होता. माइकचंही सांगा. बुवा उभ्याने, चिपळ्या वाजवत गाणार, म्हणजे कॉलर माइक बरा की स्टँडचा?

पुण्यातल्या किंवा आसपासच्या, मुलांनाही धरून ठेवतील अशा कीर्तनकार ताई असतील तर जरूर सुचवा.