मदत हवी आहे : फौंड्रीच्या कॉर्पोरेट व्हिडिओत नेमकं काय दाखवावं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमची फौंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आणि छोटं मशीन शॉप आहे. पंप आणि ट्रॅक्टरची कास्टिंग (ओतीव भाग) करतो. पुढच्या प्रदर्शनात स्टॉल घेतलाय, त्यासाठी नवा व्हिडिओ हवाय.

मागे एकदा करून घेतला होता. आठ मिनिटांचा. सूर्योदय, गेट, आप्पांचं मनोगत, हस्तांदोलनं आणि वर घोगऱ्या आवाजात 'एक स्वप्न पाहिलं होतं'. आप्पा इतके खूश, की पुतणीच्या लग्नातही लावला (खरंच!). पण पुण्याहून आलेल्या खरेदीवाल्या साहेबांनी दोन मिनिटांत मोबाईल काढला. संपल्यावर एवढंच विचारलं, "सँड लॅब आहे का? सीएमएम?" म्हणजे साच्याची वाळू तपासायची प्रयोगशाळा आणि भागाची मापं अचूक मोजणारं यंत्र. दोन्ही आहेत. व्हिडिओत मात्र एकही नाही.

म्हणून या वेळी एकाच कास्टिंगचा प्रवास दाखवायचाय : कोअर (आतल्या पोकळीचा वाळूचा गाभा), मोल्ड (साचा), पोअरिंग (रस ओतणं), फेटलिंग (जादा धातू काढून साफसफाई), मशिनिंग आणि शेवटी सीएमएमवर तपासणी. अडीच मिनिटांत.

अडलंय ते असं. मोबाईलवर चाचणी घेतली तर रस (वितळलेला धातू) म्हणजे पांढरा गोळा आणि माणसं काळीठिक्कर. शेडमधले दिवेही लुकलुकतात. ड्रोन उडवावा तर उजळाईवाडीचा विमानतळ शेजारीच. आणि आप्पांचं भाषण कापायचं कसं?

प्रतिसाद :
आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून कॅमेरावाल्यांना शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवायला सांगा, लुकलुक जाईल. स्लो मोशन हवं असेल तर त्यांचे स्वतःचे दिवे लागतील. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) ऑटोवर नको. रसाचा नारिंगी रंग टिकेल इतकं लॉक करा आणि माणसांवर वेगळा प्रकाश टाका. कॅमेरावाल्यांना नायलॉनचे कपडे घालून भट्टीजवळ येऊ देऊ नका. ड्रोनआधी तो कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा (डिजिटल स्काय) बघा, नाहीतर सोडा, छत बघून कोणी ऑर्डर देत नाही.

स्टॉलवर गोंगाटात आवाज ऐकूच येत नाही, तेव्हा मोठ्या अक्षरांत मजकूर द्या : वजन, ग्रेड (धातूचा दर्जा), टॉलरन्स (मापात चालणारा फरक). ग्राहकाचं ड्रॉइंग आणि पार्ट नंबर फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

आप्पांना मात्र वगळू नका. केबिनऐवजी भट्टीपाशी उभे करा, 15 सेकंद.

धागाकर्ता :
आभार! आप्पांना 15 सेकंद मान्य नाहीत. 40 वर सौदा चाललाय.