मदत हवी आहे: कॅलिफोर्नियातल्या मॉलमध्ये हरिपाठाची पत्रकं वाटण्याबाबत

बे एरियात कुणी मॉलकडून अशी परवानगी काढली आहे का? आषाढीआधीच्या शनिवारी मंडळाच्या चौघांना हरिपाठाची मोफत पत्रकं वाटायची आहेत. टाळ-मृदंग नाही, दानपेटी तर नाहीच. जागेवर पैसे मागण्यावरची मॉलची बंदी इथल्या कोर्टात टिकलेली आहे.

टेक्सासचे अनुभव कृपया नकोत. अमेरिकेच्या घटनेतली पहिली दुरुस्ती (भाषणस्वातंत्र्याची) खासगी मॉलला बांधत नाही, हे १९७६ पर्यंत पक्कं झालं. कॅलिफोर्नियाची स्वतःची घटना मात्र जास्त स्वातंत्र्य देते, मॉलमध्येही, आणि प्रूनयार्ड मॉलच्या खटल्यात १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. तरी दुकानाच्या दारासमोरचा फूटपाथ मिळत नाही (राल्फ्स या किराणा दुकानाबाबतचा निकाल, २०१२). बाकं, फूड कोर्ट, लोक रेंगाळतात असा चौक लागतो. अर्जात तोच दाखवलाय.

घोडं अडलंय ते ‘धार्मिक मजकूर चालणार नाही’ या उत्तरावर. वेळ, जागा, माणसं किती यांवर नियम असावेत, पण विषय बघून नकार कसा? रोझव्हिलच्या मॉलचा, अनोळखी ग्राहकांशी मॉलबाह्य विषयांवर बोलू न देणारा नियम २०१० मध्ये अपील कोर्टात टिकला नाही, आणि तिथेही विषय धर्माचाच होता.

तर, हा निकाल दाखवून व्यवस्थापन नमतं का, की थेट वकिलाचं पत्र लागतं? विम्याचा दाखला मागितलाय. गणेशोत्सवाच्या पॉलिसीत मॉलचं नाव जोडून भागतं का? पत्रकाचा नमुना आधी दिलात का, की तिथेच नकार आला?