आघातानंतरच्या नैराश्यावर चुंबकीय उपचार : घरच्यांनी पाठिंबा द्यावा का?

धागालेखिका, मुलुंड : माझे यजमान लोकलचे मोटरमन आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीखाली एक माणूस आला. तेव्हापासून ते रात्री दचकून उठतात, आणि दोनदा औषधे बदलूनही नैराश्य हटलेले नाही. आता डॉक्टरांनी आरटीएमएस सुचवले आहे. त्यात डोक्याच्या डाव्या बाजूला, कपाळाच्या जरा वर, तारेचे वेटोळे टेकवून चुंबकीय स्पंदने देतात. भूल द्यावी लागत नाही. अमेरिकेत नैराश्यासाठी याला २००८ मध्येच मान्यता मिळाली. ज्यांना गोळ्या लागू पडत नाहीत त्यांचा हा मार्ग नातेवाइकांनी ‘शॉक’च्या धास्तीने अडवू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद, दादर : ताई, तुमची काळजी समजते, तरीही मी असहमत आहे. ती मान्यता नैराश्याची आहे, आघाताच्या त्रासाची नव्हे. औषधांना दाद न देणारे नैराश्य असलेल्या १६४ अमेरिकी माजी सैनिकांवरील चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील अनेकांना आघाताचाही त्रास होता. खरा उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के लक्षणमुक्त झाले आणि केवळ उपचाराचा आभास दिलेल्यांपैकी सुमारे ३७ टक्के. मला वाटते, रोज ठरल्या वेळी कोणीतरी आस्थेने विचारपूस करते, त्याचाच यात मोठा वाटा असावा. आघातावर त्या आठवणीला हळूहळू सामोरे नेणारे समुपदेशन आधी व्हावे.

प्रतिसाद, बोरिवली : मी नैराश्यासाठी हा उपचार घेतला आहे. मला गुण आला, पण आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, लोकलच्या गर्दीतून जाणे हीच माझी खरी परीक्षा होती. सुमारे तीन मिनिटांचा ‘थीटा बर्स्ट’ प्रकार नैराश्यात ३७ मिनिटांच्या प्रकाराहून कमी ठरत नाही, असे कॅनडातील चाचणीत दिसले आहे. त्याची चौकशी अवश्य करा. पूर्वी फिट आली असल्यास किंवा डोक्यात धातू बसवलेला असल्यास तेही आधी सांगा.

धागालेखिका : दादरकर, तुमचे आकडे मी नाकारत नाही. मात्र २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९० नैराश्यग्रस्तांच्या चाचणीत हे प्रमाण १४ विरुद्ध ५ टक्के होते. यश थोडक्यांनाच आले, पण फरक खरा होता. समुपदेशन आम्हीही करून पाहिले. ‘त्या दिवसाबद्दल सांगा’ म्हटले की यजमान खुर्चीतून उठून निघून येतात. नैराश्य थोडे उतरले तर कदाचित ते तिथे बसू शकतील, एवढ्यासाठीच मी हा उपचार मागते आहे.