नाट्योपचार: खरा उपचार की नुसती भडास?

विंगेतली

परवा ओळखीच्या एका बाईंनी विचारलं, "मुलगा फार बुजरा आहे, नाटकाच्या शिबिरात घालू का? मन तरी मोकळं होईल." मी पटकन हो म्हटलं आणि घरी आल्यावर रुखरुख लागली. शिबिर आणि नाट्योपचार यांची मीच गल्लत केली होती. शिबिराने मुलगा धीट होईलही, पण उपचाराचं काम वेगळं. आणि माझं मत स्पष्ट आहे: नाट्योपचार हा खरा उपचार आहे. काहींच्या बाबतीत नुसतं बोलून जे होत नाही, ते त्याने होतं.

याकोब मोरेनो या डॉक्टरने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात उत्स्फूर्त नाटकाचे प्रयोग केले, १९२५ला तो अमेरिकेत गेला आणि तिथे सायकोड्रामा ही नाट्योपचाराची पद्धत वाढली. यात संहिता नसते. आपल्याच आयुष्यातला प्रसंग आपण गटासमोर उभा करायचा. मध्येच मार्गदर्शक जागा बदलायला लावतात: आता तुम्ही तो समोरचा माणूस. शेवटी सगळे गोल करून बसतात. तिथे सल्ला द्यायचा नाही, विश्लेषण करायचं नाही; हे बघताना स्वतःचं काय आठवलं, तेवढंच सांगायचं.

माझे वडील गेले तेव्हा आमच्यात सात महिने अबोला होता. कारण त्यांचं ओरडणं. पुढची दोन वर्षं मी समुपदेशकांकडे जात होते, रडत होते, आणि फिरून फिरून त्याच जागी येत होते. त्यांनीच सायकोड्रामाचा गट सुचवला. चौथ्या सत्रात समोर एक साधी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. वडिलांना जे बोलायचं होतं ते मी त्या खुर्चीला बोलले. मग मला त्याच खुर्चीत बसवलं आणि मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "नाव काय आपलं?" मी वडिलांचं नाव सांगितलं. सांगताना माझा हात आपोआप डाव्या कानामागे गेला, तळवा पुढे वळवून. ते तसेच बसायचे. आणि तोंडून निघालं, "मला ऐकूच येत नव्हतं गं. म्हणून आवाज चढायचा."

त्यांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाही. ओरडण्याशी त्याचा संबंध मात्र माझ्या डोक्यात कधी जुळलाच नव्हता.

साशंक

ताई, तुम्हाला आराम पडला याचा आनंद आहे. तरी असहमत. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातच काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो.

ते वाक्य वडिलांचं नाही, तुमचं आहे. कदाचित ते मुळातच तापट असतील. खुर्चीत बसून सुचलेल्या वाक्यामागे भावनेचा इतका जोर असतो की पुढे ते आठवणीसारखं वाटायला लागतं. या धोक्याबद्दल फार कमी बोललं जातं.

दुसरं, "मन मोकळं होतं" ही समजूत. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांचा २००२चा प्रयोग आहे. ज्याने राग आणला त्याला मनात धरून पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग, काहीच न करता बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त निघाला. खुर्चीवर ओरडणं याहून वेगळं आहे का?

तिसरं, पुरावा. नाट्योपचारावरचे बहुतेक अभ्यास लहान गटांवरचे आहेत, आणि कोणता उपचार चाललाय हे सहभागींपासून लपवता येत नाही. चित्रकलेच्या उपचाराची मोठी चाचणी झाली, स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर. २०१२ साली निष्कर्ष आले: नेहमीच्या उपचारांत त्याने काही भर पडली नाही. नाटकाच्या बाबतीत वेगळंच दिसेल, हे गृहीत कशावरून धरायचं?

नेपथ्य

वीस वर्षं हौशी नाटकं करतोय. बुजरी माणसं रंगमंचावर वाघ होतात आणि रंग पुसला की पुन्हा तशीच, हे कितीदा तरी पाहिलंय. धीटपणा भूमिकेत राहतो, घरी येत नाही. मग उपचारात असं वेगळं काय घडतं?

विंगेतली

नेपथ्य, नाटकात आपण दुसऱ्याने लिहिलेलं बोलतो. उपचारात साहेबांना "नाही" म्हणण्याचा आपलाच प्रसंग पाच वेळा, पाच प्रकारे करून बघतो. घरी काय न्यायचं ते तिथेच सापडतं.

साशंक, बॅग आणि खुर्ची यात फरक जागा बदलण्याचा आहे. बॅगेच्या जागी कोणी जाऊन बसत नाही. नाट्योपचाराचे अभ्यासक रॉबर्ट लँडी यांनी त्यात 'अंतरा'ची कल्पना मांडली: वाहून जाऊ इतकं बुडायचं नाही, काहीच भिडणार नाही इतकं लांबही राहायचं नाही. नुसती भडास काढणं म्हणजे वाहून जाणंच, त्याला माझाही विरोध आहे.

पुराव्याचं म्हणाल तर 'अवतार' उपचार पाहा. भ्रमात आवाज ऐकू येणारा रुग्ण त्या आवाजाला संगणकावर चेहरा देतो, थेरपिस्ट त्या चेहऱ्यातून बोलतो आणि रुग्ण त्याला उलट उत्तर द्यायला शिकतो. भूमिकेवरच उभी असलेली पद्धत. लंडनमध्ये १५० जणांवर चाचणी झाली; १२ आठवड्यांनी समुपदेशनापेक्षा स्पष्ट जास्त फरक दिसला.

तुमचा पहिला मुद्दा मात्र रात्रभर डोक्यातून गेला नाही. सकाळी आईला विचारलं. ती म्हणाली, कानाचं मशीन आणलं होतं, ते कपाटातच पडून राहिलं. आणि म्हणाली, "ओरडायचे तर ते तरुणपणीही." म्हणजे माझं वाक्य अर्धंच खरं. तरी अबोल्याचं ओझं त्या दिवशी उतरलं ते उतरलं, आजवर परत आलेलं नाही.

साशंक

त्याच चाचणीत २४ आठवड्यांनी दोन गटांत फरक उरला नव्हता, हेही लिहायला हवं. बाकी, आईंना विचारलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण तिथवर जात नाहीत.

उंबरठ्यावर

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत. तीच खुर्ची, तीच जागांची अदलाबदल, माझ्या बाबतीत सगळं उलटं झालं.

नाटकातून व्यक्तिमत्त्व विकास, असं दोन दिवसांचं शिबिर होतं. घेणारे चांगले दिग्दर्शक, हेतूही वाईट नव्हता. पहिल्याच दुपारी त्यांनी सांगितलं, ज्याला माफ करता येत नाही अशा माणसाला समोर आणा. मी ज्याला आणलं, त्याने लहानपणी माझ्याशी काय केलं ते इथे लिहिणार नाही. मग मला त्याच्या जागी बसवलं. "त्याची बाजू समजून घे." मी बसले, कारण तीसेक माणसं बघत होती. त्याच्यासारखं बोललेही. टाळ्या पडल्या. चहाची सुट्टी झाली.

पुढचे कित्येक दिवस स्वतःचाच आवाज ऐकला की अंगावर काटा यायचा, कारण त्याच आवाजात मी त्याचं बोलले होते.

नंतर एका प्रशिक्षित थेरपिस्टकडे गेले. त्या म्हणाल्या, ज्याने छळलं त्याच्या जागी बसवण्याची घाई करायची नसते, आणि कुठलीही भूमिका दिली तर ती उतरवल्याशिवाय माणसाला घरी पाठवायचं नसतं. भूमिका उतरवावी लागते हे मला तोवर माहीतच नव्हतं. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय 'ड्रामाथेरपिस्ट' असं म्हणवून घेता येत नाही, तसा कायदाच आहे. त्यामागचं कारण मला कोणी समजावून सांगायला नको.

४१७ आणि १५० मधलं मला फारसं कळत नाही. विंगेतली ताई, एकच विचारते. तुमच्या गटात ती खुर्ची शेवटी कोणी उचलली?

विंगेतली

धाग्याच्या सुरुवातीला "खरा उपचार" असं मी सरसकट लिहून गेले, ते आता टोचतंय. त्या बाईंना आत्ताच फोन केला. म्हटलं, आधी शिबिरवाल्यांना विचारा, मुलांना स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग करायला लावता का. लावत असतील तर घालू नका.

खुर्ची मी उचलली. त्याआधी बाईंनी मला उभं केलं आणि विचारलं, वडिलांचं काय इथेच ठेवून येणार? मी म्हटलं, कानामागचा हात. मग माझं स्वतःचं नाव मोठ्याने सांगायला लावलं, दोनदा, कारण पहिल्यांदा आवाज फुटला नाही. मग खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही कोणाची?" मी म्हटलं, "सभागृहाची." आणि ती नेऊन बाकीच्या खुर्च्यांच्या थप्पीवर ठेवली.