खांदे कानाशी, कोपरं आत

सायकलच्या स्प्रिंट शर्यतीत वेग कसा वाढवावा, यावर निपाणीच्या दादांनी लिहिलंय, "पायांत जोर आणा, विंड टनेल ही श्रीमंतांची चैन." विंड टनेल म्हणजे वारा सोडून सायकलवरची बसण्याची ढब तपासायचा बोगदा. जोराचं पटलं, बाकीचं नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला पुरणारी ताकद घनाने. वेग १० टक्के वाढवायचा तर ताकद ३३ टक्के जास्त लागते. पॅरिस २०२४ ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सचा ट्रॅक सायकलपटू हॅरी लाव्हरेसनने धावत्या सुरुवातीने २०० मीटर ९.०८८ सेकंदांत मारले, म्हणजे ताशी ७९ किलोमीटर! तिथे सायकलीपेक्षा अंगच जास्त हवा अडवतं.

टनेल नसेना का. खानापूरच्या बाजूला एका गावरस्त्याच्या उतारावर भाच्याला पहाटे पेडल न मारता सोडलं, वारा पडलेला असताना. मान वर ठेवून तो चिंचेपाशी थांबला. खांदे कानाशी, कोपरं आत, हनुवटी खाली घेतल्यावर पार मोरीपर्यंत गेला! टायरची हवा तीच, पाच-पाच वेळा केलं. आषाढातल्या वाऱ्यात मात्र हे करू नका, काहीच कळणार नाही. आणि दादा, तसंच वाकून बसल्यावर दहा सेकंद पुरा जोर लागतो का, तेही बघा. आमच्या पोराची कंबर अजून तिथेच सुटते.